ही छोटी पट्टेरी मधमाशी कोणती? (५ प्रकाशचित्रं म्हणजे प्रचि, मदत हवी)

ओलीमाती

गेले चार दिवस बागेत एक पाहुणी येते आहे. बी धरायचं म्हणून कोथिंबीर मुद्दाम फुलू दिली आहे. त्या पांढऱ्या तुऱ्यांवर ऊन आलं की ही हजर. घरमाशीएवढी, कदाचित किंचित बारीक. पोट पिवळं, त्यावर काळे पट्टे. मी मधमाशीच धरून चालले होते, पण अंगावर तशी लव नाही आणि मागच्या पायांवर परागाचे गोळे एकदाही दिसले नाहीत. डंख नसलेल्या बारक्या मधमाश्या असतात असं वाचलंय, त्यातली असेल का?

फोटो मोबाइलचेच आहेत, वर चिमट्याने अडकवायचं मॅक्रो भिंग लावून. जवळ गेलं की उडते, लांबून काढलं की नुसता ठिपका येतो.

प्रचि १: वरून. त्यातल्या त्यात बरा.
प्रचि २: वरूनच, पण पंख पाठीवर घेतलेले.
प्रचि ३: मागून.
प्रचि ४: बाजूने. हललाय. उडवणार होते, पण चुकून चढला.
प्रचि ५: एकाच तुऱ्यावर दोघी.

जाणकारांनी प्रकाश टाकावा.

सहजच_आलो

प्रचि १ झकास! कोथिंबिरीचं फूल इतकं देखणं असतं हे आत्ता कळलं. माशीतलं काही कळत नाही, कोपऱ्यात बसून वाचतो.

भिंगवाला

ओलीमाती, मधमाशी नाही, माशी आहे. द्विपंखी गणातली अस्सल माशी. प्रचि १ मध्ये डोक्यावर शृंगिका शोधा, म्हणजे मिशा. सापडतात का? मधमाशीच्या किंवा गांधीलमाशीच्या मिशा लांब असतात, कोपरात वाकवल्यासारख्या. असत्या तर या फोटोतही दिसल्या असत्या. इथे डोळ्यांच्या मधोमध नुसती दोन बारकी बोंडं आहेत. आणि डोळे बघा, निम्म्याहून जास्त डोकं त्यांनीच व्यापलंय.

पंख मोजा असं सगळे सांगतात. माशीला दोन, मधमाशीला चार, हे खरंच आहे. पण फोटोत त्याचा फारसा उपयोग होत नाही. मधमाशीचे मागचे पंख पुढच्यांना बारीक आकड्यांनी अडकवलेले असतात, त्यामुळे चाराचे दोनच दिसतात. माशीला मागच्या पंखांच्या जागी दांडीवर गोळी बसवल्यासारखे दोन संतुलक असतात, उडताना तोल सावरण्यासाठी. ते एखाद्या लांबटांग्या माशीत छान दिसतात, इतरांमध्ये बहुतेक वेळा झाकलेले राहतात.

मग पट्टे कशाला? सोंग घ्यायला. ज्याला डंख नाही त्याने डंखवाल्याचा वेष करायचा, म्हणजे पक्षी वाटेला जात नाहीत. हेन्री वॉल्टर बेट्स यांनी १८६२ मध्ये अ‍ॅमेझॉनच्या फुलपाखरांवरून हा प्रकार मांडला, म्हणून त्याला बेट्सचं अनुकरण म्हणतात.

पिवळं पोट, आडवे काळे पट्टे, उन्हात, फुलावर. सिरफिड माशी, म्हणजे फुलांवर हवेत एका जागी थांबणाऱ्या माश्यांच्या कुळातली. त्यातली एपिसिरफस किंवा तिची सख्खी बहीण. शंकाच नको. या माश्यांच्या अळ्या मावा (झाडाचा रस शोषणारे बारीक किडे) खातात, तेव्हा पाहुणीला जपा.

वेलवाला

माझ्या काकडीच्या वेलावर अशीच पिवळ्या पट्ट्यांची माशी बसते आणि पुढे काकडी आतून किडते. फळमाशी नाही ना ही? असेल तर वाट बघू नका, फवारून मोकळे व्हा. मी सापळाही लावलाय, रोज भरतो, तरी काकड्या किडतातच.

पंखशिरा

@वेलवाला, फळमाशी नाही. वेलावरच्या फळमाशीच्या छातीवर पिवळे पट्टे असतात आणि छातीच्या मागच्या टोकाला एक पिवळी ढाल असते, अगदी रंग लावल्यासारखी उठून दिसणारी. पंखाची पुढची कड तपकिरी. मादीच्या पोटाचं टोक निमुळतं होत सुईसारखं झालेलं असतं, कारण तिला फळाच्या सालीत अंडी टोचायची असतात. ओलीमाती यांच्या फोटोत छाती राखाडी आहे, ढालही राखाडी आणि पोटाचं टोक बोथट. फवारायचं काही कारण नाही.

तुमच्या सापळ्यात क्यू ल्यूरची गोळी असेल तर तिच्या वासाने फक्त नर येतात. म्हणून सापळा भरतो आणि मादी मात्र वेलावरच राहते. किडलेल्या काकड्या वेलाखाली पडू देऊ नका. अळी त्यातून बाहेर पडून मातीत कोष करते आणि पुढची पिढी तिथूनच वर येते.

मूळ माशीबद्दल मला थोडी शंका आहे. संध्याकाळी मोठ्या पडद्यावर बघून लिहिते.

वेलवाला

हे नर-मादीचं मला कुणीच सांगितलं नव्हतं. आभारी आहे. पडलेल्या काकड्या मी वेलाच्या बुडाशीच टाकत होतो, खत होईल म्हणून.

ओलीमाती

भिंगवाला काका, इतकं सविस्तर समजावल्याबद्दल धन्यवाद! प्राण्यांची ओळख सुचवणाऱ्या एका अ‍ॅपमध्येही प्रचि १ टाकून पाहिला, तेही सिरफिडच म्हणालं. म्हणजे ठरलं. शीर्षकातली मधमाशी काढून टाकते.

पंखशिरा

थांबा, इतक्यात काढू नका. (मधमाशी नाहीच आहे, पण शीर्षकात पुढे काय लिहायचं ते अजून ठरायचंय.)

अ‍ॅपला तुम्ही प्रचि १ दिलात आणि आम्हालाही तोच दिलात. पट्टे दिसणारा फोटो दाखवला की समोरचा पट्ट्यांवरच बोलणार, मग तो माणूस असो की अ‍ॅप. पट्टे हेच मुळी सोंग आहे ना? सोंगावरून सोंगाड्या कसा ओळखणार? पिवळे-काळे पट्टे किती तरी वेगवेगळ्या कुळांतल्या माश्यांनी आपापले स्वतंत्रपणे घेतले आहेत.

सिरफिड ओळखायची तर पंख बघावा. दोन खुणा असतात. एक, पंखाच्या मधून एक लांबट रेघ जाते. ती शीर नसते, शिरेसारखी दिसणारी घडी असते, दोन्ही टोकांना कुठेही न जोडलेली. तिला आभासी शीर म्हणू. दुसरी खूण फोटोत जास्त कामाची आहे. पंखाच्या मागच्या कडेजवळ शिरा कडेपर्यंत न जाता आतच वळतात आणि कडेला समांतर धावतात. साडीला काठ असावा तसा पंखाला आतून एक काठ दिसतो.

तुमच्या प्रचि २ मध्ये डावा पंख पांढऱ्या फुलावर आलाय. फोटो मोठा करून बघा. मला तो काठ दिसत नाही. उलट मधली एक शीर पंखाच्या टोकाजवळ एकदम पुढच्या कडेकडे वाकलेली वाटते. असा बाक घरमाशीत असतो आणि हिरव्या-निळ्या चकचकीत माश्यांतही असतो.

तीन प्रश्न:
ती हवेत एका जागी स्थिर राहते का?
समोरून चेहरा कधी पाहिलात का?
पंखाच्या बुडाशी पांढरट पापुद्रा दिसतो का?

भिंगवाला

@पंखशिरा, चिमट्याच्या भिंगातून काढलेल्या फोटोत पंखाची शीर वाचायची म्हणजे धुक्यात पाटी वाचण्यासारखं आहे. प्रचि २ मध्ये मला तरी काहीच ठाम दिसत नाही. तुम्हाला बाक दिसतो, मला फुलाची पाकळी दिसते. मी वीस वर्षं बागेत माश्या बघतोय, या चणीची पट्टेरी माशी फुलावर दिसली की दहात नऊ वेळा सिरफिडच निघते.

पंखशिरा

दहात नऊ वेळा निघत असेल. ही दहावी आहे का, एवढंच विचारतेय.

अर्धाकप

🍿

ओलीमाती

आज मुद्दाम अर्धा तास स्टूल टाकून बसले. उत्तरं:

१. हवेत स्थिर राहत नाही. येते ती सरळ बसतेच. मग तुऱ्यावर पायी फिरते, एकेका फुलात तोंड खुपसत. दुसऱ्या दिशेने आलेल्या एका माशीने मात्र हवेत चक्क थांबून दाखवलं. तिच्याकडे बघितल्यावर मला फरक कळला.
२. चेहरा पाहिला नाही. समोर गेलं की उडते.
३. पापुद्रा म्हणजे नक्की कुठे बघू?

चौकटीत

मी किड्यांमधला नाही, फोटोंमधला आहे. पण तुमचा जो प्रचि ४ 'चुकून चढला' म्हणालात, तो जरा मोठा करून, उजेड वाढवून इथे परत देतोय (प्रचि ६). बाकी चारही फोटोंत माशीच्या मागे हिरवळ आहे, त्यामुळे डोक्याची कड त्यात मिसळून गेलीये. यात मागे आकाश आहे. अंग हललंय, पण डोकं जवळजवळ स्थिर आहे आणि त्याची बाह्यरेषा उजेडावर स्वच्छ आलीये. डोळ्याच्या खाली पुढे काहीतरी टोकदार आलंय. फुलाचा भाग असेल म्हणून आधी सोडून दिलं होतं, पण त्याची सावली डोक्याबरोबरच हलली आहे. माझ्या मते ते माशीचंच आहे.

पुढच्या फोटोंसाठी: पहाटे ऊन यायच्या आधी जा. रात्रभर गारठलेले किडे लवकर उडत नाहीत, पाच-सहा फोटो सहज होतात. तुमच्या भिंगाला दोन-तीन सेंटीमीटर अंतरावरच नीट दिसतं, तेव्हा फोनने फोकस शोधत बसू नका. फोकस अडकवून ठेवा आणि श्वास धरून फोनच पुढे-मागे करा. सलग फोटो काढत जा, तीसमधला एक कामाचा निघतो. समोरून जायचं असेल तर खालून जा. वरून येणारी सावली पडली की त्या उडतात. आणि ती उडाल्यावर त्याच तुऱ्याला पट्टी टेकवून एक फोटो घ्या, आकाराचा वाद मिटतो.

भिंगवाला

प्रचि ६ पाहिला. टोक आहे हे मान्य. पण ऱ्हिंजिया नावाची सिरफिडच आहे, तिलाही चोच असते, चांगली लांब. तेव्हा चोच दिसली म्हणून सिरफिड बाद होत नाही.

पंखशिरा

हा मुद्दा बरोबर आहे, आणि खरं तर मलाही आधी ऱ्हिंजियाच आठवली. पण तिची चोच चिमटीत धरता येईल अशी सरळ पुढे आलेली असते. इथे चोचीपेक्षा नाकाड म्हणावं असं काहीतरी आहे, आखूड आणि जाड. शिवाय ऱ्हिंजियाचं पोट रुंद, फुगीर असतं आणि त्यावर सहसा असे पट्टे नसतात. तरी एका सावलीवरून मी नाव घेणार नाही.

ओलीमाती, पापुद्रा म्हणजे पंख छातीला जिथे जोडला जातो तिथे, पंखाच्या मागच्या बाजूला, दुधाळ रंगाची एक छोटी झडप. घरमाशी पकडून पाहिलीत तर लगेच दिसेल. संतुलक तिच्याखालीच झाकलेले असतात. सिरफिड माश्यांतही छोटी झडप असते, पण घरमाशीच्या गोतावळ्यात ती मोठी आणि ठसठशीत असते.

ओलीमाती

मिळाली!!!

चौकटीत यांनी सांगितलं तसं उजाडायच्या आधी गेले. तुऱ्याच्या खालच्या बाजूला, देठाला धरून बसली होती, अंगावर दव. हललीही नाही. एकूण ६४ फोटो काढले, त्यातले चार देतेय.

प्रचि ७: समोरून. हा पाहून मी स्वतः दचकले. डोळ्यांवर रेघा आहेत! आडव्या, थोड्या नागमोडी, तपकिरी आणि फिकट. आणि डोळ्यांच्या खाली तोंड पुढे आलंय, काळं, पॉलिश केल्यासारखं.
प्रचि ८: बाजूने. पापुद्रा दिसतोय बहुतेक, पांढरा. छातीवर बारीक काळे ठिपके आहेत, प्रत्येक ठिपक्यातून एक केस निघालाय.
प्रचि ९: पंख, आकाशाच्या उजेडात.
प्रचि १०: पट्टी. तुऱ्यावर ती जिथून जिथपर्यंत होती ते अंतर सात मिलिमीटरच्या आसपास भरतं.

आणि एक गंमत. ऊन आल्यावर ती तोंडातून पाण्याचा बुडबुडा काढत होती. बाहेर, आत, परत बाहेर. जवळजवळ डोक्याएवढा थेंब. आजारी आहे का ती?

सहजच_आलो

प्रचि ७!! हे मोबाइलवर काढलंय यावर विश्वास बसत नाही. चेहरा पाहून कुणा शिस्तीच्या मास्तरांची आठवण झाली.

पंखशिरा

वा. आता बोलता येईल.

प्रचि ९ मध्ये पंखाच्या मागच्या कडेला काठ नाही आणि मधली आभासी शीरही नाही. प्रचि २ मध्ये मला जो बाक वाटला होता तो इथे कोनात वळलेला स्पष्ट दिसतोय. सिरफिड इथेच बाद. प्रचि ८ मध्ये दुधाळ झडप आहे. त्याच फोटोत मागच्या पायाच्या मुळाच्या थोडं वर बघा, राठ केसांची एक उभी रांग दिसेल. घरमाशीच्या कुळात ती रांग नसते. हिरव्या-निळ्या माश्या, मांसमाश्या आणि त्यांच्या भाऊबंदांत असते. आता त्यात पुढे आलेलं चकचकीत काळं नाकाड, डोळ्यांवरचे आडवे पट्टे, राखाडी छातीवर ठिपक्यातून उगवलेले केस आणि पिवळं-काळं पोट मिळवा. उत्तर: स्टोमोरायना. कूळ ऱ्हिनिइडी. हे कूळ पूर्वी हिरव्या-निळ्या माश्यांच्या कॅलिफोरिडी कुळातलं उपकूळ समजलं जायचं, अलीकडे वेगळं काढलंय.

नावही चेहऱ्यावरूनच आलंय. ग्रीकमध्ये स्टोमा म्हणजे तोंड आणि ऱ्हिस, ऱ्हिनोस म्हणजे नाक. रोंदानी या इटालियन कीटकतज्ज्ञाने १८६१ मध्ये ही प्रजाती (जवळच्या जातींचा गट, जीनस) मांडली. त्याने पट्ट्यांकडे न बघता नाकाकडे बघितलं हे बरं झालं. आपण 'नाकाड माशी' म्हणायला हरकत नाही.

डोळ्यांच्या रेघांबद्दल एक सांगते, कारण मला याचं अप्रूप आहे. मी काही काळ टाचणीला लावलेल्या माश्या पेट्यांमध्ये लावण्याचं काम केलं. घोडमाशीच्या डोळ्यांत जिवंतपणी हिरव्या-जांभळ्या पट्ट्यांची नुसती आरास असते. मेल्यावर डोळा सुकला की तो रंग जातो आणि मागे उरतो एक तपकिरी मणी. कारण तो रंग बहुतांशी रंगद्रव्याचा नसतो, डोळ्याच्या पृष्ठभागाच्या पातळ थरांवरून उजेड परतताना तयार होतो. त्यामुळे पेटीतल्या नमुन्यात जे सहसा दिसत नाही ते तुमच्या प्रचि ७ मध्ये आहे. उलट पोटाच्या टोकाचे अवयव, तोंडाजवळचे केस हे नमुन्यात मिळतं, फोटोत मिळत नाही.

अर्धाकप

आणि बुडबुडा? मुख्य प्रश्न बाजूलाच राहिला.

पंखशिरा

आजारी नाही. बऱ्याच माश्या असं करतात, या नाकाड माश्यांचे तर बुडबुड्यासकटचे फोटो भरपूर दिसतात. मोठ्या डोक्याची एक निळी माशी आहे, क्रायसोमाया मेगासेफाला. तिच्यावर २०१८ मध्ये एक अभ्यास आला. थेंब बाहेर काढला की त्यातलं पाणी उडून तो गार होतो, तो परत आत घेतला की अंग गार होतं. असं ती पुन:पुन्हा करते. खाल्लेल्या पातळ अन्नातलं जास्तीचं पाणी कमी करण्यासाठी असावं असंही एक कारण सांगतात. उन्हात बसून करत होती म्हणालात, म्हणजे पहिलं कारण पटण्यासारखं आहे.

अर्धाकप

थोडक्यात, माशीने स्वतःचा कूलर बरोबर आणलाय.

भिंगवाला

प्रचि ९ तीनदा पाहिला. काठ नाही. शब्द मागे घेतो, ही सिरफिड नाही.

पण माझी चूक कुठे झाली तेही सांगतो, म्हणजे कुणाच्या उपयोगी पडेल. डोळ्यांच्या रेघा दिसल्या तेव्हाही मी मनात एक पळवाट काढून ठेवली होती. एरिस्टॅलिनस ही सिरफिडच आहे आणि तिच्याही डोळ्यांवर नक्षी असते. मग जुने फोटो काढून बसलो. तिच्या डोळ्यांवर ठिपके असतात, नाहीतर उभे पट्टे. आडवे नाहीत. त्या जुन्या फोटोंतच मला दोन नाकाड माश्या सापडल्या. दोन्हींवर माझ्या हस्ताक्षरात 'सिरफिड' लिहिलेलं आहे. आता वीस वर्षांच्या फायली उघडाव्या लागणार. बायको हसतेय.

ओलीमाती, मधमाशी समजलात त्याबद्दल फार वाईट वाटून घेऊ नका. मेलेल्या बैलाच्या धडातून मधमाश्या जन्मतात असं भूमध्य समुद्राकाठचे प्राचीन लोक मानायचे. त्याचा उलगडा असा करतात की त्या मधमाश्या नसून एरिस्टॅलिस टेनॅक्स नावाच्या माश्या असाव्यात, हुबेहूब मधमाशीसारख्या दिसणाऱ्या. त्यांच्या अळ्या सडक्या घाण पाण्यात वाढतात आणि शेपटीसारख्या लांब नळीने पृष्ठभागावरून श्वास घेतात. बैलाच्या धडाजवळ असं डबकं साचलं की त्यातून 'मधमाश्या' बाहेर पडायच्या. तुम्ही निदान प्रश्नचिन्ह तरी टाकलं होतंत.

ओलीमाती

काका, तुम्ही नसतात तर मी अजून मिशाच शोधत बसले असते.

ताई, आता एवढं कळलंय तर पूर्ण नाव सांगा ना. स्टोमोरायना पुढे काय? आणि ही बागेला चांगली की वाईट?

पंखशिरा

पुढचं नाव सांगत नाही.

स्टोमोरायना डिस्कलर या नावाखाली असे भरपूर फोटो सापडतील आणि ते नाव लिहून टाकायचा मोह मलाही होतोय. फॅब्रिशियस या डॅनिश कीटकतज्ज्ञाने १७९४ मध्ये नाव दिलेली, आशियात खूप ठिकाणी आढळणारी जात आहे. पण या प्रजातीत एकमेकींसारख्या दिसणाऱ्या आणखी जाती आहेत. एकाच जातीत नर-मादीच्या पोटाचा रंग वेगळा असू शकतो. पिवळा भाग कमी-जास्त होतो. नक्की सांगायला नराच्या पोटाच्या टोकाचे अवयव सूक्ष्मदर्शकाखाली बघावे लागतात. तुमच्या प्रचि ७ मध्ये दोन डोळ्यांच्या मध्ये रुंद फट आहे, म्हणजे ही मादी. नराचे डोळे वर एकमेकांना जवळजवळ चिकटलेले असतात. तेव्हा तुमच्या वहीत 'स्टोमोरायना, मादी, सुमारे ७ मिमी, कोथिंबिरीच्या फुलावर' असं लिहा. तारीखही लिहा.

चांगली की वाईट? प्रौढ माशी फुलांवर पोट भरते आणि जाताना पराग इकडून तिकडे नेते, हे तुम्ही पाहिलंच. पानं कुरतडत नाही, फळात अंडी टोचत नाही. अळ्यांचं सांगायचं तर या कुळातल्या बहुतेकांच्या अळ्या कुणी नीट पाहिलेल्याच नाहीत. काहींचा मुंग्या-वाळवीशी संबंध आहे. एकीची गोष्ट मात्र पक्की ठाऊक आहे, स्टोमोरायना लुनाटा. टोळाची मादी वाळूत पोट खुपसून अंडी घालते, त्याच जागी ही येऊन आपली अंडी घालते. हिच्या अळ्या खाली जाऊन टोळाची अंडी फस्त करतात. टोळधाडीमागून हीसुद्धा लांबवर पोचते. तुमची पाहुणी तसंच करते असं मात्र यावरून म्हणू नका. चुलत बहिणीचा धंदा तो हिचाही असेलच असं नाही.

चौकटीत

मला आवडलं ते हे की सगळा निकाल प्रचि ४ पासून फिरला, जो उडवायचा राहिला होता. मी आयुष्यभर असे फोटो उडवत आलोय.

नवशिकी

धागा सलग वाचून काढला, पंखाचा काठ पाठ झाला. आगाऊपणा वाटेल, पण ओलीमातीताई, तुमच्या प्रचि ८ मध्ये माशीच्या मागे, देठाच्या खालच्या बाजूला, मावा दिसतोय. हिरवट ठिपक्यांची रांग. आणि त्यात एक फिकट, अर्धपारदर्शक, गोगलगाय कवच विसरून आल्यासारखं काहीतरी आहे. पाय दिसत नाहीत. एका टोकाला निमुळतं. ते काय आहे?

ओलीमाती

अगं बाई, खरंच! माझं लक्षच नव्हतं. आत्ता जाऊन आले. अजून तिथेच आहे. एक मावा तोंडात धरून वर उचललाय आणि तो पाय हलवतोय. प्रचि ११ घाईत काढला.

पंखशिरा

हे मी सांगणार नाही. भिंगवाला काकांनी सांगावं.

भिंगवाला

बिनपायाची, पुढे निमुळती, मावा असा उचलून धरून आतला रस शोषून रिकामं साल टाकून देणारी. सिरफिडची अळी! हीच ती. म्हणजे तुमच्या बागेत सिरफिड आहे, फक्त आपण ज्या माशीकडे बोट दाखवत होतो ती नव्हे. कोषात जाईपर्यंत एकेक अळी शेकड्यांनी मावा खाते. तो देठ तोडू नका, पाण्याचा फवाराही मारू नका. पाच-सहा दिवसांत पानाला चिकटलेला थेंबाच्या आकाराचा कोष दिसला तर फोटो टाका. त्यातून माशी निघेल तेव्हा पंखाचा फोटो आधी, पट्ट्यांचा नंतर.

वेलवाला

मीही आज वेलाखालच्या काकड्या उचलल्या. आत अळ्या होत्याच. पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवल्यात.

ओलीमाती

सगळ्यांचे मनापासून आभार. कोषावर लक्ष ठेवते. शीर्षक बदलायला गेले तर कळलं की संपादनाची मुदत संपली. त्यामुळे धाग्यावर 'मधमाशी' तशीच राहणार. नवीन येणाऱ्यांनी कृपया शेवटपर्यंत वाचावं, मधमाशी नाही हे सांगायला पहिल्याच फोटोखाली थांबू नये.

अर्धाकप

पहिलाच फोटो पाहिला. मधमाशी नाहीये हो ही.